पयले धरा, मंग वढा : सहा गाड्या, एक घाट आणि अडकलेले चार तास

घाटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी पन्नास गाड्या तिथं धडकतील अन् वरच्या गावातल्या लोकांना फुकटचा ताप. एवढं सांगतो की परतवाड्याहून निघालं की दोन-अडीच तासांत पायथ्याला पोचता येतं, सातपुड्याचीच रांग आहे, पण व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरची. हे आधीच लिहून टाकलेलं बरं, कारण आमच्याकडं डोंगर म्हटला की कोणीतरी लगेच विचारतंच, जंगलात गाड्या घातल्या का म्हणून. नाही घातल्या. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी, १९७३-७४ सालचा, तिथं ठरलेला रस्ता सोडून चाक खाली उतरवायचं नसतं हे आमच्या ऑफ-रोडिंगच्या, म्हणजे डांबर सोडून कच्च्या वाटेनं गाड्या चालवायच्या, ग्रुपमध्ये सगळ्यांना पाठ आहे. हा होता जुना बैलबंडीचा रस्ता, पायथ्याच्या गावातून वरच्या पठारावरच्या गावाला जाणारा, साधारण ७ किलोमीटर. दुसऱ्या बाजूनं डांबरी झाल्यापासून इथून फक्त गुरं अन् पायी माणसं जातात. आदल्या आठवड्यात दोघं जाऊन गावात विचारून आले होते, वनरक्षकालाही भेटले होते.

डिसेंबरचा रविवार, गाड्या सहा. पुढं ठेकेदाराची गुरखा, समोर विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढायचं मोटरचं यंत्र, लावलेली. मागं डॉक्टरची जिम्नी. तिसरी गाडी बँकवाल्या भाऊची, नवीकोरी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, कंपनी कोणती ते लिहीत नाही कारण जे झालं त्यात गाडीचा काडीचा दोष नव्हता. त्यांच्यासोबत वहिनी अन् नऊ वर्षांचा पोट्टा. चौथा जिनिंगवाला, थार घेऊन. पाचवी माझी जिप्सी. शेवटी सरांची जुनी एमएम ५४०, जी आमच्यात सगळ्यात खटारा दिसते अन् जिच्यात सगळ्यात जास्त सामान असतं.

आता अडकलो ११ वाजून २० मिनिटांनी, पण चूक सुरू झाली ९:४० ला पायथ्याशी, असं माझं मत आहे. तिथं थांबून टायरमधली हवा कमी करायची असते. दगडावर ३२-३३ पीएसआय हवा असली की टायर टणक राहतो, दगडावर बसत नाही, उडतो. १८ पर्यंत उतरवली की तोच टायर दगडाला कणकीसारखा धरतो, १५ च्या खाली मात्र साध्या रिमवर जायचं नाही, टायर रिमवरून निसटतो. हे सगळ्यांना माहीत होतं. पण कॉम्प्रेसर सहा गाड्यांत एकच, सरांच्या गाडीत. ठेकेदारानं तिथंच तोंडी हिशोब केला, २४ चाकं, एका चाकाला परत भरायला चार-पाच मिनिटं, म्हणजे वर गेल्यावर दीड-दोन तास नुसती हवाच भरत बसायची, जेवण कधी करायचं? आणि हिशोब चूक नव्हता हो, हीच तर गंमत आहे. मग ठरलं काय, तर ज्याला वाटलं त्यानं कमी करा. मी केली, सरांनी केली, ठेकेदारानं थोडीशी केली. बँकवाल्यांनी नाही केली, म्हणे नवीन अलॉय आहेत, दगड लागून वाकतील. कोणी काही म्हटलं नाही. मीही नाही.

माझंही एक सांगून टाकतो, नाहीतर वाटेल की मी लई शहाणा. जिप्सीच्या पुढच्या चाकांना हब असतात, हातानं फिरवून लॉक करावे लागतात, नाही केले तर आतला फोर बाय फोरचा गियर टाकूनही पुढची चाकं नुसती बघ्याची भूमिका घेतात. तर पहिला एक किलोमीटर मी दोन चाकांवरच ओढत होतो अन् मनातल्या मनात म्हणत होतो की आज इंजिनात दम नाही. सरांनी मागून वॉकीटॉकीवर विचारलं, "हब पाहिले का बे?" तेव्हा उतरलो.

पहिले ४ किलोमीटर मजेचे. तुरीची शेतं, मग साग, मग मोकळा मुरूम. त्यानंतर तो टप्पा येतो ज्याला गावातले लोक पायऱ्या म्हणतात. जेमतेम ३०० मीटर. आपला सगळा पठार लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात अन् त्यातला ट्रॅप म्हणजे तिकडल्या स्वीडिश भाषेत पायऱ्याच. गावातल्या माणसानं ते कुठं वाचलं नसेल, पण नाव नेमकं तेच ठेवलं. प्रत्येक थराची कड गुडघ्याएवढी उंच, दोन कडांच्या मध्ये गोल गोटे अन् त्याखाली घट्ट मुरूम, म्हणजे सिमेंटवर छर्रे सांडल्यासारखं. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला पावसानं खोदलेली घळ, तीन-साडेतीन फूट खोल, अन् घळीच्या पलीकडं उतार सुरू.

अशा जागी एका वेळी एकच गाडी. पुढची वर जाऊन थांबली, तिनं वॉकीटॉकीवर सांगितलं, की मग दुसरीनं निघायचं. गुरखा गेली, पुढं-मागं दोन्ही डिफ लॉक (एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी सोय) असल्यानं तिला काही वाटलंच नाही. जिम्नी गेली, हलकी गाडी, दोनदा घसरली अन् गेली. मग बँकवाले निघाले आणि त्यांच्यामागं दहा फुटांवर जिनिंगवालाही निघाला, कारण त्याला व्हिडिओ घ्यायचा होता. हे मी काचेतून पाहिलं, पाहून हॉर्नही वाजवला, पण वॉकीटॉकी हातात होता त्यावर बोललो नाही. का नाही बोललो ते आजही सांगता येत नाही. दोघं मोठे माणसं, आपण कशाला शिकवायचं, असंच काहीतरी असेल.

तिसऱ्या कडेवर बँकवाल्यांची गाडी उडाली. टणक टायर, पुढचं चाक चढलं, मागचं टप्पा खाऊन खाली आलं, तेच परत. क्लचचा वास माझ्यापर्यंत आला. इथं एकच काम असतं, ब्रेक दाबून रिव्हर्स टाकायचा अन् आलो त्याच रेषेत सरळ खाली यायचं, मग परत लाईन बघायची. त्यांनी आरशात पाहिलं तर मागं जिनिंगवाल्याचं बोनेट. मग त्यांना वाटलं जरा उजवीकडून घेऊ, गाडी अर्धा फूट मागं सुटली, स्टिअरिंग उजवीकडं, आणि मागचं उजवं चाक घळीच्या कडेवरून खाली गेलं. आवाज फार मोठा नाही झाला. दगडावर पोतं टाकल्यासारखा. गाडी उजवीकडं कलली अन् तशीच राहिली, मागच्या अ‍ॅक्सलखाली एक धोंडा आला म्हणून राहिली. मोबाईलवर कोन मोजला तर २९ अंश.

आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, म्हणजे भाऊ घळीकडच्या बाजूला. वहिनी अन् पोट्टा डाव्या बाजूनं, डोंगराकडून उतरले, दार वर उचलून धरावं लागलं कारण कललेल्या गाडीचं दार विहिरीच्या झाकणासारखं परत पडतं. भाऊ गियरवरून सरकत मागाहून निघाले, हँडब्रेक अन् गियर तसाच ठेवून. पोट्टा रडला नाही, त्यानं फक्त विचारलं की माझी बाटली आत राहिली ती आणू का. डॉक्टर म्हणाले नको. आमच्या पूर्ण दिवसातला तेवढा एकच शहाणा निर्णय दुपारच्या आधी झाला, असं म्हणा.

कारण त्यानंतर सुरू झाला गोंधळ. सहा ड्रायव्हर, सहा डोकी. फोनला रेंज नाही. ठेकेदार म्हणे विंच काढतो. डॉक्टर म्हणे विंचचा दोर सोडा, झाडाला बांधा, तासभर जाईल, माझ्याकडं नवा कायनेटिक दोर आहे, एका झटक्यात निघते. आणि नवा दोर सगळ्यांनाच वापरून पाहायचा होता, ही खरी गोष्ट. हा दोर ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो, ओढणारी गाडी धावते, दोर रबरासारखा ताणतो अन् ती साठवलेली ताकद अडकलेल्या गाडीला उपटून काढते. चिखलात, वाळूत सुंदर काम करतो. आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात फसलेल्या गाड्या मी स्वतः काढल्यात त्यानं. पण ही गाडी फसलेली नव्हती, ही कडेमागं अटकलेली अन् कललेली होती. कडेला अडकलेल्या चाकाला झटका दिला की चाक निघत नाही, झटका दुसरीकडं कुठंतरी जातो.

तो गेला कडीत. घाईत जिनिंगवाल्यानं दोर अडकवला बंपरखालच्या लोखंडी कडीला. ती कडी गाडी ट्रकवर चढवल्यावर बांधून ठेवायला असते, ओढायला नसते, दिसायला मात्र हुबेहूब हूकसारखी दिसते. दोरावर जाड सतरंजी किंवा पोतं टाकायचं असतं, तुटला तर उडू नये म्हणून, तेही नाही टाकलं. पहिल्या झटक्यात गाडी हलली, पण पुढं नाही, वीतभर खाली. ते तिथंच थांबायला हवं होतं. दुसऱ्या झटक्यात कडी उघडली, उघडलेल्या सेफ्टी पिनसारखी सरळ झाली, आणि दोर सुटून जिम्नीच्या मागच्या दारावर बसला. दारात नारळाएवढा खड्डा. दोन मिनिटं आधी तो पोट्टा त्याच दाराशी उभा राहून डॉक्टरांच्या गाडीतलं पाणी पीत होता. वहिनींनी त्याला सावलीत बोलावलं होतं म्हणून तो तिथं नव्हता.

मग सगळे गप्प झाले. पाच मिनिटं कोणी बोललं नाही.

सर अन् मी चालत वरच्या गावात गेलो. पाऊण तास चढ. गावात एका घरापुढं एक काका लसूण सोलत होते, साठीपुढचे, त्यांना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं कोणी लागलं काय, मग कुऱ्हाड, सब्बल अन् एक सागाची बल्ली घेतली, पोराला हाक मारली अन् आमच्यापुढं चालायला लागले. चप्पल घालून, अन् आमच्या ट्रेकिंग बुटांपेक्षा दुप्पट वेगानं.

दोन वाजता खाली आलो. आम्ही सगळे गाडीच्या तोंडाकडं उभे, कारण आमच्या डोक्यात ओढायचंच चाललेलं. काका तोंडाकडं आलेच नाहीत. ते आधी घळीत उतरले, खालून पाहिलं, धोंड्याला सब्बल लावून ठोकून पाहिलं, अन् वर येऊन म्हणाले, "पयले हिले धरा, मंग वढा. तुमी त धरलीच नाई."

मग समजावलं. "आमी बंडी उतरवतो घाटातून, तवा बैलं पुढं अन् दोन गडी मांगून दोर धरतेत. बैलाच्या भरवशावर नाई सोडत."

इथं मला लाज वाटली. कारण हीच गोष्ट आम्ही दुसऱ्या शब्दांत शिकलेलो होतो, की गाडी हलवायच्या आधी ती घसरणार नाही याची सोय करायची. सोपा हिशोब आहे. गाडी सामानासकट २ टनाच्या आसपास, उतार २५ अंशांचा धरला तरी त्यातलं साधारण ८५० किलो वजन सतत खाली ओढत असतं, तुम्ही काही करा न करा. आम्ही त्या ८५० किलोंना एका धोंड्याच्या हवाली करून वर झटके देत होतो.

ठेकेदारानं डोंगराच्या बाजूचं सगळ्यात जाड झाड बघून पट्टा काढला. काका म्हणाले, "मोहाले नको." मोह म्हणजे तिथल्या घराचं उन्हाळ्यातलं उत्पन्न, साल सोलली गेली तर झाड आजारी पडतं. पलीकडं वीस फुटांवर धावडा होता, तो त्यांनी दाखवला. पट्टा पुरेना, सरांच्या खटाऱ्यातून साखळी निघाली, ती जोडली. झाडाला नेहमी रुंद पट्टाच, दोर किंवा साखळी थेट नाही, मोह असो का धावडा. तो पट्टा गाडीच्या दोन्ही दारांच्या मधल्या खांबाला, डावीकडच्या उघड्या खिडक्यांतून गुंडाळून ताणला, म्हणजे गाडी उजवीकडं उलटणार नाही. दुसरा दोर मागच्या चेसिसपासून डोंगराकडच्या कातळाला, म्हणजे मागं सुटणार नाही. एवढ्यालाच पाऊण तास गेला आणि या पाऊण तासात गाडी एक इंचही सरकली नव्हती, पण मला पहिल्यांदा श्वास घेता आला.

मग चाकाखालची भर. काका अन् त्यांचा पोरगा घळीत उतरून चपटे दगड रचत गेले, शेताच्या बांधाला पाळ घालतात तशी, मोठा खाली, लहान फटीत, प्रत्येक दगड पायानं दाबून. आमच्यापैकी जिनिंगवाला उतरला दगड द्यायला, दिवसभर त्याचं तोंड पडलं होतं. सागाच्या बल्लीचा तुकडा पाडून त्यावर बॉटल जॅक, जॅक अ‍ॅक्सलखाली, चाक चार बोटं उचललं की खाली दगड, परत चार बोटं, परत दगड. टायरच्या बाजूला हातभर चीर पडलेली दिसली. बाजूच्या भिंतीला चीर म्हणजे पट्टी घालून भागत नाही, टायर गेला. तरी चाक तिथं बदलायचं नाही असं ठरलं, वर नेऊन बदलू. बाकी तिन्ही चाकांची हवा १८ ला आणली, जी सकाळी ९:४० ला आणायची होती.

कोण बसणार यावर पुन्हा जरा वाद, भाऊंचे हात थरथरत होते. मी बसलो. सांगतो, त्या सीटवर बसल्यावर उजव्या खिडकीतून रस्ता दिसत नाही, फक्त घळीचा तळ दिसतो, अन् डावा खांदा आपोआप डोंगराकडं ओढला जातो. गाडीत क्लचचा जळका वास अन् कुरकुऱ्याचा. पोट्ट्याची बाटली पायाशी. बेल्ट लावला, काच पूर्ण वर केली, अंगठे स्टिअरिंगच्या आत नाही ठेवायचे, बाहेर, चाक दगडाला लागून स्टिअरिंग फिरलं तर अंगठा मोडतो.

या वेळी विंच. चेसिसला पट्टा गुंडाळून शॅकल, म्हणजे पिनेनं बंद होणारा यू आकाराचा जाड लोखंडी हूक, लावलं, कड्या-बिड्या काही नाही. ठेकेदाराचं विंच ९५०० पाउंडांचं, म्हणजे ४३०० किलोच्या आसपास, पण ती ताकद ड्रमला चिकटलेल्या सगळ्यात आतल्या थरालाच मिळते, दोर जितका गुंडाळलेला तितकी ताकद कमी, म्हणून गुरखा लांब उभी करून दोर भरपूर सोडला. दोरावर दोन पोती. माणसं दोराच्या लांबीपेक्षा जास्त दूर. आणि समोर उभे फक्त सर. सकाळी पाच जण ओरडत होते, लेफ्ट, राईट, बस बस, अजून, आता सरांनी सगळ्यांना सांगितलं की कोणाच्या तोंडून शब्द निघाला तर मी घरी जातो. फक्त हात. मूठ म्हणजे थांब. लो रेंजचा (वेग कमी, जोर जास्त) पहिला गियर, क्लच पूर्ण सोडलेला, अ‍ॅक्सिलेटरला पाय नाही. विंचचा घर्र घर्र आवाज, दगडाचा करकर आवाज. सरांची मूठ सात वेळा बंद झाली. दर वेळी धावड्याचा पट्टा अन् मागचा दोर परत ताणायचा, मग पुढं. १४ फुटांना ११ मिनिटं लागली. ३:४० ला चारही चाकं पायरीवर होती.

काका हसले तेव्हाच. त्यांनी डॉक्टरांचा तो जाड दोर हातात घेऊन कितीचा आहे विचारलं. सात हजार. "सात हजाराचा दोर अन् बांधाले जागा नाई," म्हणाले अन् पोराकडं पाहून परत हसले. डॉक्टरही हसले, पण कष्टानं.

मग जिनिंगवाल्यानंही हवा उतरवली अन् राहिलेल्या तिघांनी एकेक करून, स्पॉटर, म्हणजे समोरून हातानं खुणा करणारा, घेऊन तो टप्पा पार केला, जिनिंगवाला सगळ्यात शेवटी. डिसेंबरात पावणेसहाला सूर्य बुडतो, सव्वापाचला आम्ही वरच्या गावात, तिथं चहा, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, अन् तो एकच कॉम्प्रेसर. चाकं भरता भरता रात्रीचे सात वाजले. काकांना पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत, सागाच्या बल्लीचेही नाहीत. सरांनी पुढच्या आठवड्यात एक नवी सब्बल नेऊन दिली, ती घेतली.

नंतर ग्रुपमध्ये दोन गोष्टी बदलल्या, एवढ्याच. आता तीन कॉम्प्रेसर आहेत, कारण मुळात लोक हवा का कमी करत नाहीत याचं कारण आळस नव्हता, परत भरायचा वेळ होता. आणि निघताना एकाचं नाव ठरतं, ज्यानं नाही म्हटलं की नाही. पहिल्या वेळी सर. खूप जणांना वाटलं की स्पॉटिंग किंवा दोर शिकायला पाहिजे, शिकावंच, पण त्या दिवशी विंच होतं, पट्टे होते, शॅकल होते, माहितीही होती. थांबा म्हणणारा नव्हता.

भाऊंचा टायर, साईड स्टेप, क्लचप्लेट, त्यांचं त्यांनी केलं. उरला जिम्नीच्या दारावरचा खड्डा. डॉक्टर म्हणतात दोर माझा पण कडी मी नव्हती निवडली. जिनिंगवाला म्हणतो मी लावलं पण झटका कोणी दिला? भाऊ म्हणतात गाडी माझी होती, मी देतो, अन् ते ऐकून बाकीचे दोघं आणखी चिडतात. माझं म्हणणं सहा जणांत वाटून घ्या, कारण कडीत दोर अडकवताना सहाही जण तिथं उभे राहून पाहत होतो. सरांना पटलं, ठेकेदाराला पटलं नाही, म्हणे मी तर विंच काढायचं म्हणत होतो. दार अजून तसंच आहे.